डाव्या बाजूचा कोरा कागद

प्रिय बाबा,

आधी हा कागद अंगठा आणि बोटात धरून बघा. तुम्ही तेच करणार, मला माहीत आहे. मजकूर नंतर, कागद आधी. लग्नाची पत्रिका आली तरी लग्न कोणाचं हे विचारायच्या आत तुम्ही ती उजेडात धरायचात. तर सांगा, कसा आहे? मला तर बरा वाटतो. खाकी, जाडसर, एका बाजूला दोन पावलांचं चित्र छापलेलं. मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितेय.

गाडीची सर्व्हिस झाली की शोरूमवाले पाय ठेवायच्या जागी असे कागद अंथरून देतात. ड्रायव्हरच्या बाजूचा माझ्या चपलांनी घरी येईपर्यंत मळून गेला. हा डाव्या बाजूचा. तो तसाच राहिला, कारण आपल्या गाडीत पुढे डावीकडे कोणी बसतच नाही.

हो, शोरूमच म्हणाले मी. तुमची गाडी मी शोरूमला दिली होती. रागवा, पण पूर्ण वाचून रागवा. कारण तिथून आल्यावर आईने मला एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून तुम्हाला काही विचारल्याशिवाय मला चैन पडत नाहीये. तुम्ही गेलात त्याला वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण हे लिहूनच विचारायला हवं असं वाटलं.

मला लहानपणापासून तुमच्या रविवारांचं कोडं होतं. पेपर मिलमध्ये आठवडाभर मशीनपुढे उभा राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा यंत्राच्याच खाली जाऊन का झोपतो? आमच्या मैत्रिणींचे वडील रविवारी दुपारी घोरत पडायचे. तुम्ही ते फेल्ट अंगणात अंथरायचात. ओला कागद ज्याच्यावरून पुढे सरकतो ते लोकरीचं जाड कापड. झिजलं की मिल ते मोडीत काढायची आणि मिलच्या कॉलनीत ते घरोघर यायचं. कोणी त्याचं पांघरूण करायचं, कोणी कूलरखाली घालायचं. आपल्याकडे ते गाडीखाली गेलं. त्याच्यावर तुम्ही उताणे, बाहेर फक्त तुमचे पाय, आणि शेजारच्या घमेल्यात काळं ऑइल ठिबकतंय.

मग एअर फिल्टर पायरीवर आपटून धूळ काढायची. प्लगची टोकं पॉलिश पेपरने घासायची. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावायचं. थंडीत फुटलेल्या टाचा घेऊन आई घरभर तीच बाटली शोधत असायची!

एकदा मी विचारलं होतं, शोरूमला का नाही देत? तिकडून फोनसुद्धा येतात, सर्व्हिसची तारीख झाली म्हणून. तुम्ही हात पुसत म्हणालात, "दुसऱ्यानं नट आवळला की मला रस्ताभर तो नटच ऐकू येतो." पैसे वाचवण्यासाठी तुम्ही हे करता असं आपल्या क्वार्टरच्या सगळ्या लाईनीला वाटायचं. मला मात्र तेव्हापासून वाटत आलंय की तुम्हाला मुळात कोणावर काम सोपवताच येत नव्हतं. मी टॉर्च धरायला आले तरी तुम्ही तो दगडाला टेकवून ठेवायचात आणि मला म्हणायचात, बाजूला हो, फ्रॉक खराब होईल.

तुमच्या आणखी दोन गोष्टी मला कधीच कळल्या नाहीत. एक म्हणजे सगळं झाल्यावर, दिवेलागणीच्या सुमाराला, तुम्ही गाडी उलटी नेऊन घराच्या पांढऱ्या भिंतीला जवळजवळ टेकवायचात आणि आत बसून आरशात बघत राहायचात. काय बघत होतात? आणि दुसरी म्हणजे कुठेही निघण्याआधीची तुमची ती फेरी. टायरला हलकी लाथ, बॉनेटवर हात, मग पुढचं डावं दार उघडायचं, क्षणभर तसंच धरायचं, बंद करायचं, मग मागचं दार उघडायचं आणि आई मागे बसायची. पुढचं दार कशासाठी? मला वाटायचं, तीसुद्धा तुमची एक तपासणी असेल. बिजागरी बघत असतील.

आई मागे बसते याची तर आम्हाला एवढी सवय झाली होती की त्याचं काही वाटेनासं झालं. मामा तुम्हाला चिडवायचे, दाजी ड्रायव्हर झाले आणि ताई मालकीण. तुम्ही हसायचात. आई हसायची नाही, हे मला आता आठवतंय.

आता तीच आई माझ्या मागे बसते. मी रोज खकनारच्या शाळेत शिकवायला गाडीने जाते. अधूनमधून तिला कुठे न्यायचं असलं की ती मागचं दार उघडते, पदर आवरून बसते आणि खिडकीबाहेर बघते. गेलं वर्षभर ती तशीही फार कमी बोलतेय. पुढे बसलेल्या माणसाला मागच्याचा चेहराही दिसत नाही. आरसा तिच्याकडे वळवला तर मागचा रस्ता दिसत नाही. मला तिला परत बोलती करायची आहे, बाबा. बाकी गाडीचं काय, ती चालतेच.

तुमच्या मागे पहिलं ऑइल मी स्वतः बदललं, हे तुम्हाला कळलं का? कॉलनी सोडल्यावर आपण आलो त्या राजपुऱ्यातल्या घरापुढे जेमतेम गाडी मावते, तिथेच तुमचं फेल्ट अंथरून खाली शिरले. खालचा बोल्ट काही केल्या हलेना. तुम्ही एवढा जोर लावून का आवळायचात हो? गाडी काय बोल्ट सोडून पळून जाणार होती? शेवटी पान्याला पाइपचा तुकडा जोडून जोर लावला, तेव्हा तो सुटला आणि ऑइल माझ्या कोपरापर्यंत आलं. आई खिडकीतून बघत होती. एवढंच म्हणाली, "त्यांचंच फेल्ट घेतलं का?" मी हो म्हटलं. ती आत गेली आणि थोड्या वेळाने हात धुवायला बेसन घेऊन आली.

त्या दिवशी मला तुमचा रविवार थोडा थोडा कळायला लागला. खाली पडल्यावर जग शांत होतं. कोणी काही मागत नाही. एक बोल्ट, एक वॉशर, बस. मी ठरवून टाकलं की ही गाडी आता मीच बघणार. शोरूमचा फोन आला तेव्हा मी तुमच्याच थाटात म्हटलं, आमची सर्व्हिस घरीच होते.

आणि मग ब्रेकने दगा दिला.

मागच्या महिन्यात आईला घेऊन खकनारला निघाले होते. तिची मावसबहीण तिथे असते, तिला भेटायची तिची फार इच्छा होती. एका वळणावर केळीच्या घडांनी भरलेली ट्रॉली समोर आली. मी पेडल दाबलं तर ते गादीत पाय रुतावा तसं खाली खाली गेलं. गाडी थांबली, पण अगदी ट्रॉलीला भिडता भिडता थांबली. काचेपुढे हिरव्यागार केळ्यांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. ट्रॉलीवाला मागे वळून काहीतरी बोलला, बहुधा चांगलं नसावं. मागून आई फक्त म्हणाली, "हळू चल."

आई गाडीत होती, बाबा. तुमच्या हाताखालून गेलेल्या गाडीत.

दुसऱ्या दिवशी मी गाडी शोरूमला नेली. रांगत नेली म्हणा ना. मला वाटलं होतं तिथे सगळे मला उल्लू बनवायला टपलेले असतील. एका बाजूला थंडगार बसायची जागा, कॉफीचं मशीन, आणि मधे मोठी काच. काचेपलीकडे गाड्या लिफ्टवर चढलेल्या. तुम्ही म्हणत होतात की आत काय करतात ते दाखवत नाहीत. तर आता दाखवतात. काचेला नाक लावून उभं राहिलं तर सगळं दिसतं. मी तसंच केलं, लहान मुलीसारखं.

काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई होती. तिने गाडी तपासून आल्यावर विचारलं, इंजिन ऑइल कोणी बदललं? मी भीतभीत म्हटलं, मी. ती म्हणाली, चांगलं बदललंय, फिल्टरही नीट बसवलाय. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मग तिने पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाकून माझ्यापुढे धरला. उकळून उकळून काळा पडलेला चहा असतो ना, तसा रंग. "मॅडम, बाकी गाडी एकदम बढिया रखी है," ती म्हणाली. "पर ये ब्रेक ऑइल तो लगता है बरसों से किसीने छुआ ही नहीं."

मला पटेना. माझे बाबा वायपरच्या रबरालासुद्धा हात फिरवायचे, ते ब्रेक ऑइल विसरतील? मी तिच्याशी चक्क वाद घातला. तिने शांतपणे समजावलं की हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं झालं की गरम होऊन पेडल मऊ पडतं, म्हणून ठरावीक काळाने बदलावंच लागतं. नुसतं वरून भर घालून भागत नाही. मला तुमची ती छोटी बाटली आठवली. तुम्ही वरून भर घालत होतात, बाबा. झाकण उघडायचं, रेषेपर्यंत भरायचं, झाकण लावायचं. बाकी गाडीचा प्रत्येक अवयव खोलून बघणारा माणूस इथे फक्त झाकणापाशी का थांबला?

खरं सांगते, मला राग आला. मग रागाच्या मागोमाग कुतूहल आलं.

त्याचं उत्तर काचेपलीकडेच मिळायला सुरुवात झाली. आपली गाडी आत घेतली तेव्हा एक माणूस चाकापाशी खाली बसला आणि दुसरा ड्रायव्हरच्या सीटवर. खालचा ओरडायचा, "दबाओ." वरचा पेडल दाबायचा. "पकड के रखो." तो धरून ठेवायचा. खालचा चाकामागची तेल सोडायची बारीक बोंडी सैल करायचा, नळीतून काळं तेल बाटलीत यायचं, तो बोंडी पुन्हा आवळायचा आणि मग म्हणायचा, "छोडो." चारही चाकांना तसंच. त्या काचेतूनसुद्धा त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

मी त्या बाईला विचारलं, हे एकट्याला नाही का करता येत? ती म्हणाली, काही जुगाड असतात, पण आम्ही दोघंच करतो. धरायला सांगितलेलं पेडल बोंडी आवळायच्या आधी सोडलं तर हवा आत जाते, मग ब्रेक लागतच नाही.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, बाबांना ब्रेकच्या कामात पेडल कोण धरून द्यायचं?

आईने हातातल्या काडीची पानं खुडून घेतली. मग म्हणाली, "एकदा मी धरलं होतं."

तुम्हाला तो दिवस आठवतो, बाबा? कॉलनीतलं अंगण, गाडी नवीनच घेतलेली. आईने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "मले म्हनले, पेडल दाब आन मी सांगेन तोवर धर. मी धरलं. ते मागच्या चाकापाशी खाली. किती वेळ काहीच बोलले नाही. मले वाटलं, झालं असेल. मी पाय काढला. ते हात हालवत होते म्हने, मिलमध्ये हालवतात तसे. मी वर बसलेली, मले हात कसा दिसनार व माय?"

मला हसू की रडू कळेना. मिलमधल्या मशीनच्या आवाजात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हाताने बोलतात. थांब, धर, सोड, सगळं हाताने. ती सवय तुम्ही घरी आणायचात. पोळी हवी असली की बोट वर, पाणी हवं असलं की अंगठा तोंडाकडे. आम्हालाही कळायचं, कारण आम्ही समोर असायचो. पण रविवारच्या त्या शांत अंगणात, जिथे मेहंदीच्या कुंपणात चिमण्या बोललेल्या ऐकू येत होत्या, तिथे चाकामागे झोपून तुम्ही हात हलवत राहिलात! एक शब्द तोंडाने म्हणायचा ना. "धर" एवढाच.

पुढचंही आईने सांगितलं. तुम्ही गाडी मागे घेतलीत, ब्रेक लागला नाही आणि गाडी शेजाऱ्यांच्या मेहंदीच्या कुंपणात शिरली. सगळी लाईन बाहेर आली. आणि तुम्ही, कधी आवाज न चढवणारे तुम्ही, सगळ्यांसमोर म्हणालात, हिला एक पेडल धरता येत नाही.

इतकंच. दुसऱ्या दिवशी बाजारातला मेकॅनिक येऊन ब्रेक नीट करून गेला. त्यानंतर तुम्ही ती बोंडी कधी खोलली नाहीत. खोलायची म्हणजे कोणाला तरी आत बसवावं लागलं असतं, आणि आईला सोडून दुसऱ्या कोणाला बोलवणं म्हणजे तिचा पुन्हा अपमान झाला असता. असंच होतं ना? मी अंदाज करतेय. चुकत असेन तर स्वप्नात येऊन सांगा, पण तोंडाने सांगा.

आणि आई त्या दिवसानंतर पुढे बसली नाही.

"तू बाबांना काही म्हणाली नाहीस?" मी विचारलं.

"काय म्हनायचं? ते दर वेळी पुढचं दार उघडून उभे राहायचे. मी मागच्या दारापाशी जाऊन उभी राहायची. मग ते पुढचं बंद करून मागचं उघडून द्यायचे." आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "तोंडानं बस म्हनले असते तर बसली असती."

बाबा, ती बिजागरीची तपासणी नव्हती तर! इतकी वर्षं, दर वेळी, देवळात जाताना, लग्नाला जाताना, दवाखान्यात जातानाही, तुम्ही तिची माफी मागत होतात आणि ती शब्दाची वाट बघत होती. तुम्हा दोघांचाही मला इतका राग आला आणि इतकी माया आली की मी उठून उगाच गॅस पुसत बसले.

भिंतीचं कोडं मात्र मी स्वतः सोडवलं. काल रविवार होता. मी गाडी धुतली, टायरची हवा बघितली. संध्याकाळी मागचे ब्रेकचे लाल दिवे लागतात का ते बघायचं होतं. पेडल दाबावं तर मागे जाऊन बघता येत नाही, मागे जावं तर पेडल कोण दाबणार? आणि लख्खकन डोक्यात आलं, पांढरी भिंत! तुम्ही आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघत होतात. एकट्या माणसाची युक्ती. मला तुमचं कौतुक वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ वाईट वाटलं. घरात आम्ही दोघी होतो, बाबा. एक हाक मारायची होती.

मी गाडी इथल्या भिंतीकडे नेली नाही. दारात जाऊन हाक मारली, आई, जरा येतेस का, पेडल दाबायला.

ती दारात आली. हात पदराला पुसत उभी राहिली. मला वाटलं, नाही म्हणेल. मग म्हणाली, "मोठ्यानं सांगशील ना?"

"मोठ्याने सांगेन."

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. एवढ्या वर्षांनी. चप्पल बाहेर काढून बसली, देवघरात बसावं तशी. मी मागे गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "दाब." दोन्ही दिवे लख्ख पेटले. "धर." ते पेटलेलेच राहिले. मला खरं तर तेवढ्यात कळलं होतं, पण मी मुद्दाम थोडा वेळ थांबले. आतून आईचा आवाज आला, "धरलंय मी. तू म्हनशील तोवर धरते." 

"सोड, आई."

समोरच्या घरातली वहिनी बाहेर येऊन बघत होती. तिने विचारलं, काय चाललंय? आईने आतूनच उत्तर दिलं की ब्रेक चेक करतोय. करतोय म्हणाली, बाबा. आम्ही दोघी.

आज सकाळी शाळेला रजा टाकून आम्ही इच्छापूरला देवीला जाऊन आलो. निघताना मी तुमच्यासारखीच फेरी मारली, टायरला लाथ, बॉनेटवर हात, आणि पुढचं डावं दार उघडलं. आई सवयीने मागच्या दाराकडे वळली होती. मी म्हटलं, "आई, पुढे बस." फार काही विशेष म्हटलं नाही, एवढंच. ती थांबली, तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे आली. बसायच्या आधी खाली वाकली आणि हा कागद उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, चांगला कागद आहे, पायाखाली कशाला घालायचा, घरात कामाला येईल. तुमचीच बायको ना शेवटी!

रस्ताभर ती बोलत होती. कापसात पाणी साचलंय, त्या कोपऱ्यावर पूर्वी रसवंती होती, तू गिअर उशिरा बदलतेस. हो, तेही बोलली. मी पुढचा गिअर लवकर टाकला. गाडीत तिचा चेहरा मला पहिल्यांदा बाजूने दिसत होता.

आता तुमच्या मनातला प्रश्न. शोरूम की घर? त्या बाईने वर्षभराचं पॅकेज घ्या म्हणून सांगितलंय, आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण माझं ठरलंय. ऑइल, फिल्टर, प्लग, बॅटरी, सगळं तुमच्या फेल्टवर पडून मीच करणार, आणि तुमच्याइतकं घट्ट आवळणार नाही. ब्रेकचं तेल मात्र शोरूमलाच. तिथे दोन माणसं असतात आणि ती एकमेकांशी बोलतात. वरून भर घालून मी काहीही चालवून घेणार नाही, ना गाडीचं, ना घरातलं. जे दोघांचं काम आहे त्यासाठी हाक मारीन, आणि हाक तोंडाने मारीन. हा शब्द देते.

आणि एक, पुढच्या सर्व्हिसनंतर तुम्हाला पत्र लिहायचं झालं तर मला कागद दुसरीकडून आणावा लागेल. या बाजूच्या कागदावर आईची पावलं असतील.

तुमची,
नंदा